इंजिनाचं तोंड

माझे यजमान दौंडला रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी भीमेच्या अलीकडच्या काठाला जमिनीचा हा तुकडा घेतला, आणि शेजारच्या रानात झेंडू लावणारे भिमाजी आम्हाला शेजारी म्हणून मिळाले. यजमान आता नाहीत. माझी परसबाग मात्र अजून भिमाजींच्या छोट्या ट्रॅक्टरनेच नांगरली जाते.

हा ट्रॅक्टर फुलांच्या दोन ओळींमधून जाईल एवढाच अरुंद. त्यावर भिमाजी अगदी ताठ बसतात. त्यांची बायको साखरबाई म्हणते, "लग्नात घोड्यावर सुदिक एवढं ताठ बसलं न्हवतं ह्ये."

यंदा पौषात त्या ट्रॅक्टरचं इंजिन बसलं. पूल ओलांडून शिरूरच्या बाजूला जालिंदरचं गॅरेज आहे. तो आला, सगळं खोलून बघितलं आणि म्हणाला, "मामा, ह्यात आता जीव न्हाई. ह्याच मापाचं दुसरं बघा."

त्याच मापाचं इंजिन कुठे आहे हे साऱ्या वस्तीला माहीत होतं. ते सामाईक विहिरीवर, पत्र्याच्या छपराखाली पडून होतं. भिमाजी आणि त्यांचे थोरले भाऊ हरिबा यांनी ते दुष्काळात मिळून घेतलं होतं. पुढे विजेची मोटार आली, आणि त्यानंतर जमिनीची वाटणी झाली. विहीर, इंजिन आणि बांधावरचं चिंचेचं झाड तेवढं दोघांचं राहिलं. मग एका उन्हाळ्यात विहिरीच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं. कोणी कोणाच्या पाळीचं पाणी घेतलं हे मी दोघांच्याही तोंडून ऐकलं आहे आणि मला दोघांचंही खरं वाटतं. तेव्हापासून एकाच बांधाच्या दोन बाजूंना राहून ते एकमेकांशी बोलत नाहीत.

भिमाजी माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा निवून गेला तरी कप हातातच होता.

"इंजिन काय, बाजारात बी मिळंल," ते म्हणाले. "पर ते सुरू करताना दोघं लागायचो. मी हँडल मारायचो आन् दादा खटका दाबून धरायचा. गती आली की म्हणायचा, 'सोडला बघ!' मंग धडाधडा सुरू. एकट्याला बी जमतंय म्हणा. पर आमी कवा एकट्यानं केलंच न्हाई."

मग कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, तुम्ही इचारता का त्याला?"

मी विचारलं. हरिबा कांद्याची पात खुडत होते. मान वर न करता म्हणाले, "न्यायचं तर न्या म्हणावं. माझी ना न्हाई. पर मी हात लावणार न्हाई."

जालिंदरने साखळी-कप्पीने इंजिन उचलून आणलं आणि घासूनपुसून साफ केलं. त्याच्या एका बाजूला हळदीकुंकवाचा जाड थर होता. दर खंडेनवमीला भिमाजींची आई तिथे बोटं ओढायची. तिच्या लेखी ते इंजिनाचं तोंड होतं. जालिंदर ती बाजू मागे ठेवून इंजिन बसवायला लागला तसे भिमाजी आडवे आले.

"तोंड मागं? आईनं पुजलेलं हाय ते. म्होरंच पायजे."

"मामा, पट्ट्याचा घोळ हुईल."

"पट्टा बी म्होरंच लाव."

जालिंदर गिऱ्हाइकाशी वाद घालणारा नव्हे. त्याने सांगितल्याप्रमाणे इंजिन बसवलं, पट्टा चढवला, नारळ फोडला. भिमाजींनी हँडल मारलं, खटका जालिंदरने सोडला. तोच जुना आवाज रानभर झाला आणि साखरबाईने डोळ्याला पदर लावला. भिमाजी ताठ बसले, पहिला गिअर टाकला, आणि ट्रॅक्टर मागे निघाला.

इंजिनाची दिशा बदलल्यामुळे पट्टा उलटा फिरत होता, हे जालिंदरने मला नंतर समजावलं. त्या क्षणी भिमाजींना एवढंच कळलं की आपण समोर बघतोय आणि झेंडू लांब चाललाय. ते घाबरून पायाने ब्रेक चाचपत राहिले. मागची चाकं बांधावर चढली, पलीकडे उतरली आणि हरिबांच्या कांद्यात जाऊन ट्रॅक्टर थांबला.

"आरं, सासरी चालला का पाठमोरा!" साखरबाई ओरडली.

हरिबा उठून आले. कांद्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. इंजिनाकडे पाहिलं, हळदीकुंकवाकडे पाहिलं. मग जालिंदरला म्हणाले, "त्याला सांग, तोंड मागंच ठिवायचं. आय काय ट्रॅक्टरवर बसत न्हवती." आणि निघून गेले.

भिमाजी दोन हात लांब उभे होते. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, "बोलला, बाई. पर मला न्हाई."

दुसऱ्या दिवशी जालिंदरने इंजिन फिरवून बसवलं. ट्रॅक्टर आता नीट पुढे जातो. हँडल मारणं आणि खटका सोडणं दोन्ही भिमाजी एकटेच करतात.

या इंजिनाच्या डोक्यावर पाण्याची टाकी असते. काम करताना ते पाणी आटतं, म्हणून निघण्याआधी ती काठोकाठ भरायची. ट्रॅक्टर माझ्या अंगणातल्या नळाजवळूनच रानात जातो.

"भरून घ्या," मी म्हणते.

"पुरंल, बाई."

पुरत नाही. चिंचेजवळ बांधाशी आलं की वाफ निघायला लागते आणि भिमाजी इंजिन बंद करून उभे राहतात. जालिंदर चिडतो, "मामा, जाळून टाकाल एक दिवस!" पहिल्यांदा वाफ दिसली तेव्हा हरिबा नुसते बघत राहिले. पुढे एकदा कळशी बांधावर आणून ठेवली आणि परत गेले. नंतर स्वतः येऊन ओतायला लागले. बोलणं नाहीच. भिमाजी झाकण धरतात, ते ओततात, रिकामी कळशी घेऊन जातात.

काल दुपारी भिमाजी घाईने माझ्या ओट्याशी आले. सदरा पाण्याने भिजला होता.

"मी आडवा आलो व्हतो, पाणी सांडाया लागलं, तर म्हणला, 'सरक.'"

"कोणाला?"

"मला, बाई. मला म्हणला."

आज सकाळी ट्रॅक्टर नळाजवळून गेला. भरून घ्या, असं मी म्हटलं नाही, आणि त्यांनीही भरून घेतलं नाही.