फॉरवर्ड करायचं नाय

टोकावड्याच्या फाट्यावर मी एसटीची वाट बघत उभा होतो, तेव्हा विलासच्या मेहुण्याचा फोन आला. "मास्तर, विलासभाऊ गेले." मी विचारलं, "कुठं?" ... खरंच असं विचारलं मी. आदल्याच दिवशी मुरबाडला त्याच्या दुकानात बसून चहा प्यायलो होतो. बेचाळिशीचा माणूस, साधा खोकला नाही. सकाळी शटर उघडताना छातीत कळ आली आणि संपलं. महिना उलटला, तरी माझ्या डोक्यात ते शिरत नाही.

विलास रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचा. नव्वदच्या दशकात अर्ध्या मुरबाडचे टेप त्याच्या टेबलावर उघडे पडलेले असत. आवड मात्र जगावेगळी. मला हॉटेलात, टेम्पोत, वरातीत वाजतात ती सिनेमाची गाणी लागत. त्याला लागत धवले. आमच्याकडं लग्नात धवलारीण गाते ती गाणी, संथ, लांबलचक. सुट्टीला टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून हा डोळखांबकडच्या पाड्यांवर जायचा आणि आल्यावर मला धरून बसवायचा. "ऐक रे सुऱ्या, नुसता ऐक." पाच मिनिटांत मला जांभई. फॉरवर्डच्या बटणाकडं हात गेला की हातावर चापट बसायची. "फॉरवर्ड करायचं नाय. टेप ताणते." त्याला गाणं एकट्यानं गोडच लागायचं नाही, आणि दोस्त मिळाला होता माझ्यासारखा दगड.

माझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीला गाण्यांची कॅसेट ऐन वेळी मशिनमध्ये गुंतून तुटली. मी धावत दुकानात गेलो. विलास जेवायला घरी गेला होता. फळीवरची एक कॅसेट उचलली. वर नाव नव्हतं, पण मागची प्लॅस्टिकची टिकली मोडून खाच पाडलेली होती. म्हणजे कुणी वरून काही भरू नये म्हणून जपलेली. हे मला समजत होतं, नाही असं नाही. तरी खाचेत कागदाचा बोळा कोंबला आणि घरच्या मशिनवर चालू हिट गाणी भरली. म्हटलं, असेल कुणा म्हातारीचं रडगाणं, याच्याकडं अशा छप्पन पडल्यात. हळदीत सगळ्यांत जास्त विलासच नाचला. चार दिवसांनी कॅसेट गुपचूप फळीवर ठेवली. तो कधी चकार शब्द बोलला नाही. मला वाटलं, त्याला पत्ताच नाही.

तेराव्यानंतर सुनंदावहिनींनी ती कॅसेट माझ्यापुढं ठेवली. बोळा तसाच होता, पिवळा पडलेला. "ही आत्यांची," त्या म्हणाल्या. विलासला आईमागं आत्यानं वाढवलं होतं. ती धवलारीण होती, आणि माझ्या बहिणीच्या हळदीआधी दोनच महिने गेली होती. "तिचा आवाज येवढाच व्हता, भावजी. दुपारी जेवून हे रोज लावायचे. मना वाटं, तुमची गानी आवडतात. मंग एकदा बोलले, शेवटाला आत्या हाय."

त्या हळदीला अकरा वर्षं झाली होती... त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि अकरा वर्षं हा माणूस माझी सगळी गाणी शेवटपर्यंत ऐकत होता.

वहिनींनी टेप लावला आणि फॉरवर्डवर बोट ठेवलं. मी म्हणालो, "नको वहिनी. टेप ताणते." मग आम्ही बसलो. ढिंगचॅक गाणी, एकामागून एक. पूर्वी मला त्यांतलं प्रत्येक पाठ होतं, त्या दिवशी एकही सरता सरेना. शेवटचं मधेच तुटलं, खरखर झाली आणि आत्या गाऊ लागली. जेमतेम दोन मिनिटं. मग थांबून तिनं विचारलं, "आता ह्या कोन ऐकनार रे, विल्या?"

पलीकडून विलासचा आवाज आला, तरणाबांड, हसरा. "सुऱ्या ऐकल ना गो, आत्या. त्याच्यासाठीच तर भरतूय."

खट्. बटण वर आलं.