हसनमास्तरांचं चुकलेलं घड्याळ

बसऱ्याला टपालाची बोट लागली की मी आधी पाकिटावरचं अक्षर बघतो. हसनमास्तरांच्या पत्राचा पत्ता अरबीत असायचा, उजवीकडून ऐटीत निघालेला, आणि शेवटच्या अक्षराला उगीचच एक लांब शेपूट. दोन महिन्यांपूर्वी आलेलं पाकीट रत्नागिरीचंच होतं, राजिवड्याहून आलेलं, पण पत्ता इंग्रजीत आणि अक्षर शाळकरी. मी ते तसंच खिशात टाकलं आणि संध्याकाळपर्यंत खजुराच्या पेट्यांवर नावं घालत बसलो. फोडलं नाही तर काही झालंच नाही, असं थोडा वेळ वाटतं ना माणसाला... शेवटी फोडलं. मास्तरांच्या पुतण्यानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. चाचा शुक्रवारी गेले, त्रास झाला नाही, चाचीनं तुम्हाला कळवायला सांगितलंय.

मास्तर माझे कोण, हे सांगायला मागं जावं लागेल. महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली होती. मी मॅट्रिक होऊन तीन वर्षं घरच्या ओट्यावर बसून होतो. मुंबईला दोनदा जाऊन दोनदा हात हलवत परत आलो होतो. वडील, म्हणजे आण्णा, रत्नागिरीच्या कोर्टात कारकून. त्यांची पेन्शन जवळ आलेली, आणि घरात जेवताना कोणी माझ्याकडे बघायचं नाही, त्यापेक्षा बघणं परवडलं असतं. अशात एक दिवस कुणाच्यातरी अर्जाच्या कामाला हसनमास्तर कोर्टात आले. पूर्वी वीस वर्षं ते एडन-बसऱ्याच्या गलबतांवर कराणी होते, म्हणजे गलबतावरचा कारकून. आता राजिवड्याला खाडीकाठी घर करून मुलांना अरबी वाचायला शिकवत आणि परदेशी गेलेल्या खलाशांची पत्रं बायामाणसांना वाचून दाखवत. ते आण्णांना म्हणाले, "पोराला इंग्रजी येतंय ना? वर अरबी येऊ दे. बसऱ्याच्या पेढ्यांना दोन्ही येणारा माणूस शोधून मिळत नाय."

झालं! आत्यानं घर डोक्यावर घेतलं. पोरगा हातचा जाणार, धर्म बुडणार, काय नि काय. आण्णा मात्र दुसऱ्या दिवशी मास्तरांनाच ओट्यावर घेऊन आले. मास्तरांनी आत्याला लांबून नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, तुमचे भाऊ कोर्टात दिवसभर काय बोलतात? अर्ज, वकील, दावा, कैफियत, तारीख. सगळी अरबी. तुमच्या घरात ती तीस वर्षं जेवतेय, फक्त ओळख करून दिली नव्हती कुणी." आण्णा हसले. आत्या हसली नाही, पण मला म्हणाली, "जा मेल्या, पण तिकडचं पाणी प्यायचं नाही, आणि दिवेलागणीच्या आत घरी!"

ही पाण्याची अट मी मास्तरांना सांगितली नव्हती. सांगणार कशी? पण खतीजाचाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पहिल्याच दिवशी माझ्यासमोर एक शहाळं ठेवलं आणि कोयता माझ्याच हातात दिला. ना भांडं, ना पेला, ना प्रश्न. वर्षभर मला रोज शहाळं मिळालं. मग एका दिवशी माझीच मला लाज वाटली आणि मी म्हटलं, "चाची, मला पण चहा द्या." त्या दिवशी चहात साखर इतकी पडली होती की चमचा उभा राहावा. आज अरबी शिकून काय मिळालं असं कोणी विचारलं, तर हा चहा मी पगाराच्या आधी सांगतो.

मास्तरांचं शिकवणंही जगावेगळं. व्याकरण नंतर, आधी गलबत भरायचं. रोज संध्याकाळी आम्ही पडवीत बसून एक खोटं गलबत भरायचो, मंगळुरी कौलं, सागाचे वासे, काथ्या, आणि ते बसऱ्याला नेऊन विकायचो. मास्तर अरब व्यापारी, मी विकणारा. मी घाईघाईनं भाव सांगितला की ते तोंड फिरवत. "अरे, आधी त्याच्या आईबापाची चौकशी कर. मग मुलाबाळांची. मग पाऊसपाण्याची. भाव शेवटी!" मी वैतागायचो. "मास्तर, एवढ्यात गलबत बुडेल." "बुडू दे. तो तेवढ्यात तुला पारखून घेतो, आणि तू त्याला." मला वाटे, म्हातारा वेळ काढतोय... वेळेवरून आठवलं, आता त्या घड्याळाकडे यायला हवं.

मास्तरांच्या माजघरात, उंचावर, एक जुनं भिंतीवरचं घड्याळ होतं. मी चार वाजता पोचायचो तेव्हा त्यात दहा वाजलेले असत. टिकटिक ठणठणीत, पण वेळ साफ चुकलेली. घरी सांगितलं तर आत्या म्हणाली, "बिचाऱ्यांकडे दुरुस्तीला पैसे नसतील. तू तोंडातून ब्र काढू नकोस, वाईट वाटेल त्यांना." मलाही ते पटलं. एकदा मास्तर बाहेर गेले असताना मी स्टुलावर चढून गुपचूप काटे बरोबर लावून आलो, मोठं पुण्य केल्यासारखा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपले दहा! घड्याळ कामातून गेलं असं मी ठरवलं आणि पुढं दोन वर्षं त्याच्याकडे न बघण्याचा शहाणपणा केला. आम्हा कोकणातल्या माणसांना भांडायला कारण लागत नाही, पण दुसऱ्याच्या घरातलं व्यंग दिसलं की आम्ही आंधळे होतो.

दोन वर्षांनी मास्तरांनी एका जुन्या ओळखीच्या खजूर व्यापाऱ्याला पत्र लिहिलं आणि मी बसऱ्याला पोचलो. त्या व्यापाऱ्याची, म्हणजे शेखांची, चिठ्ठी आली, उद्या तीन वाजता पेढीवर ये. मी कोट घासूनपुसून, टोपी नीट करून, तीनला पाच मिनिटं कमी असताना दारात हजर. शेख पेढी बंद करून निघाले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "अर्धा दिवस वाट बघायला लावणारा माणूस मोसमात काय कामाचा? जागा मी उद्या दुसऱ्याला देतोय." परत जायचं म्हणजे तोच ओटा, तेच न बघणारे डोळे, आणि मास्तरांनी माझ्यासाठी टाकलेला शब्द पाण्यात. मी मान वर केली, ती डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून. तर समोर भिंतीवर घड्याळ! आणि त्यात नऊ वाजलेले. अगदी राजिवड्याच्या घड्याळासारखं, नेमकं सहा तासांनी बिघडलेलं.

"शेख," मी विचारलं, "हे घड्याळ बरोबर आहे का?" ते म्हणाले, "कालच्या मगरिबच्या नमाजाला मी स्वतः लावलंय. सूर्य बुडाला की बारा. तुमच्याकडे कधी वाजतात?" म्हणजे तिथला तीनचा ठोका आपल्या सकाळच्या नऊचा... मी हसत सुटलो, आणि हसता हसता सगळं सांगितलं. मास्तरांचे दहा, आत्याची ताकीद, माझं स्टुलावर चढणं. सगळं अरबीत, अडखळत, पण सांगितलं. नोकरी गेलीच होती, मग घाई कसली? मध्येच मी त्यांच्या वडिलांची तब्येतही विचारली, सवयीनं. शेखांनी पेढीचं दार पुन्हा उघडलं, कॉफी मागवली, आणि डोळे पुसत म्हणाले, "दोन वर्षं गुरूच्या घरातलं उणं झाकलंस? मग माझ्या पेढीतलंही झाकशील. उद्यापासून ये. पण नऊ वाजता नको, तीन वाजता!" आज त्या पेढीवर मला बारा वर्षं झाली. आपल्या जिल्ह्यातल्या खलाशांची पत्रं आता तिथं मी लिहितो.

हे सारं कळवल्यावर मास्तरांचं उत्तर आलं, ते माझ्या पेटीत आहे. "दत्तू, चूक माझी. आपण जे रोज करतो, ते दुसऱ्याला सांगायचं असतं हे सुचतच नाय. गलबतावर लागलेली सवय, ती घरात पण राहिली. पण मेल्या, एकदा तरी विचारायचं होतंस!" मागल्या खेपेला आलो तेव्हा ते अंथरुणालाच होते. दिवेलागण झाली, मशिदीतून बांग आली, तसं त्यांनी मला स्टुलाकडे बोट दाखवलं. मी काटे बारावर आणले. ते समाधानानं म्हणाले, "चला, दिवस उगवला." सूर्य मावळला की त्यांचा नवा दिवस सुरू होतो, हेही मला तेव्हाच कळलं.

परवा रजेवर आलो तो तडक राजिवड्याला गेलो. पडवीत त्यांची चटई गुंडाळून ठेवलेली... आत गेलो आणि थबकलो. साडेपाच झाले होते आणि घड्याळात साडेपाचच वाजलेले! पुतण्या कौतुकानं म्हणाला, "चाचांचं घड्याळ किती वर्षं चुकीचं चालत होतं, मी ठीक करून आणलं." चाची खाली बघत होत्या. तो बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "चाची, त्याला सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "कसं सांगू रे बाबा? एवढ्या हौसेनं केलंन पोरानं. वाईट वाटलं असतं त्याला." मला आधी हसू आलं, आणि मग रडू आलं ते काही केल्या थांबेना.

मी पुतण्याला बोलावून सगळी गोष्ट सांगितली. मास्तर म्हणाले होते ना, सांगायचं असतं म्हणून. मग हातोडी मागितली. स्टूल माझ्यासाठी ठीक होतं, चाचींच्या गुडघ्यांना ते कुठलं झेपायला! घड्याळ खाली उतरवलं आणि चाचींचा हात पोचेल इतका खाली नवा खिळा ठोकला. वर भिंतीवर घड्याळाच्या आकाराचा पांढरा डाग तेवढा राहिला. आम्ही तिघं बांगेची वाट बघत उभे राहिलो. बांग झाली, तशी चाचींनी काच उघडली, बोटानं काटे फिरवून बारावर आणले आणि पदरानं काच पुसली.

"चला," त्या म्हणाल्या, "दिवस उगवला. दत्तू, चहा घेशील ना?"