पिठलं-भाताचं कोण बघतंय?

कुणी गेल्याचं कळलं की भाऊ आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. मग त्या घरात शिरून रडणाऱ्या माणसांना हलक्या आवाजात सांगायचे, "तुम्ही फक्त बसा. बाकी मी बघतो."

आणि बघायचे, अगदी सगळं. डॉक्टरांचा दाखला हातात आला का, कोकणातल्या नातेवाइकांसाठी किती वेळ थांबायचं, चौथ्या मजल्यावरून त्या चिंचोळ्या जिन्याने कसं उतरवायचं. "अकराच्या आत निघू. नंतर तुळिंजच्या बाजारातून गाडी वळत नाही." शेवटी जमलेल्या बायकांकडे बघून विचारायचे, "पिठलं-भाताचं कोण बघतंय?" त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनीच जेवण द्यायचं असतं. उत्तराची वाट न बघता वाटणीही तेच करायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या पिठल्यात गुठळ्या होतात, म्हणून त्यांच्याकडे कायम भात. बाईंना हे कारण अजून माहीत नाही, आणि मी इथे लिहिलं तरी त्या काही वाचायच्या नाहीत.

तुमच्याही इमारतीत असा एक माणूस असेल. नालासोपाऱ्यात आमचे हे भाऊ माझ्या शेजारच्याच दारात राहतात. मुंबईतल्या एका कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले, पासष्टी ओलांडलेले. एरवी मात्र ते कुणाकडे जात नसत. चहा विचारला तर "आत्ताच झाला." घावनं दिली तर तासाभरात ताट घासूनपुसून परत, वर खोबऱ्याच्या दोन वड्या. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही. त्यांची बायको हसायची. "माणूस मेल्याशिवाय हे कुणाची पायरी चढत नाहीत. मी गेल्यावर यांचं कसं व्हायचं?" म्हणायची हसतच, पण सारखी म्हणायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती गेली. पहाटे तिला दवाखान्यातून घरी आणलं आणि भाऊंनी घड्याळ काढून खिशात टाकलं. हार, गाडी, पाहुण्यांना खुर्च्या, सगळं त्यांनीच केलं. मुलींनाही म्हणाले, "तुम्ही फक्त बसा." डोळ्यांत टिपूस नाही. अकराच्या आत निघालेसुद्धा.

दुपारी सगळे परतले. मी आंघोळ करून घरात बसले होते, तेवढ्यात शेजारून फोडणीचा चर्र आवाज आला. सुतकाच्या घरात फोडणी? मी धावले. मुली भिंतीला टेकून बसलेल्या, आणि भाऊ ओल्या केसांनी ओट्यापाशी उभे राहून डाळीचं पीठ कालवत होते.

"भाऊ, हे काय?"

"कुणाला सांगायचंच राहिलं, वहिनी. सकाळपासून काहीतरी राहतंय असं वाटत होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्खी इमारत कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत बसली होती, आणि सांगणारा माणूस इथे गुठळ्या मोडत होता. मी गॅस बंद केला. त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि दंडाला धरून त्यांना मुलींच्या मधोमध नेऊन बसवलं. एरवी माझी हिंमत झाली नसती. दोन मिनिटं ते बोटांना लागलेलं पीठ बघत राहिले. मग रडले, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असे. मला हायसं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

अर्ध्या तासात सहा घरांचं पिठलं आलं. भात फक्त दुसऱ्या मजल्यावरून.

तरी त्या माउलीची काळजी खोटी नव्हती. मुली न्यायला तयार होत्या, भाऊ गेले नाहीत. डबा घेऊन जावं तर दार अर्धंच उघडून म्हणायचे, "आत्ताच जेवलो." महिन्याभरात शर्ट अंगावर लोंबायला लागला. एकदा वैतागून मी आमच्या ह्यांना म्हटलं, "या माणसाला घराबाहेर काढायला आता इमारतीत कुणीतरी मरायलाच हवं." ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने कांदा चिरायला घेतला.

मग एका रविवारी आम्ही जेवत असताना बेल वाजली. दारात भाऊ. मी उष्ट्या हातानेच विचारलं,

"कोण गेलं?"

"कुणी नाही." ते चपलांकडे बघत म्हणाले, "एकट्याने जेववत नाही, वहिनी. तुमची जेवणं व्हायचीत का?"

आमची निम्मी झाली होती. "व्हायचीत की," मी म्हटलं. ह्यांनी आपलं ताट सरकवून जागा केली. ओल्या बोंबलांचं कालवण होतं. पहिले चार घास भाऊ मान खाली घालून जेवले. मग त्यांनी ताट जरा माझ्याकडे सरकवलं.

"थोडं कालवण वाढा," ते म्हणाले. मी डाव उचलला तेव्हा म्हणाले, "जरा जास्तच वाढा."

रात्रीसाठी काढून ठेवलेलं कालवणही त्या दुपारी संपलं.