पूर्ण पाय

गाड्यांच्या तपासणी केंद्रात तिला सगळे धूरबाई म्हणतात. तोंडावर बाई, पाठीमागे धूरबाई. डिझेलची गाडी तपासणीला आली की सायलेन्सरमध्ये नळी घालायची, ॲक्सिलरेटर दाबायचा आणि यंत्रावर धुराचा आकडा बघायचा, हे तिचं काम. दाबायचा म्हणजे तळाला टेकेपर्यंत. ड्रायव्हर मोठे बेरकी. पाय अर्ध्यावरच थांबवतात; धूर कमी, गाडी पास. म्हणून बाई त्यांना खाली उतरवते आणि स्वतः बसते. "इथे पूर्ण पाय," म्हणते. तिला खडूस म्हणणाऱ्यांनी एकदा त्या नळीशेजारी उभं राहून श्वास घ्यावा, मग तोंड उघडावं.

पूर्ण पायात एक धोका मात्र असतो. इंजिनाचा टायमिंग बेल्ट जुना असेल तर त्या जोरात तो तुटतो, आणि इंजिन आतल्या आत ठेचलं जातं. म्हणून आधी विचारायचं, "बेल्ट बदललाय?" सगळेच म्हणतात, "बदललाय की." कसं काय विचारल्यावर बरं आहे म्हणावं, तसं. बाई कुणाचंच ऐकत नाही. बॉनेट उघडायला लावते, झाकण काढून बेल्ट बघते, शंका आली की गाडी परत.

त्या दिवशी रांगेत तिचा धाकटा भाऊ आला. दुकानांना माल पोचवायची त्याची व्हॅन. घर त्या व्हॅनवरच चालायचं.

"घरचा माणूस आला," मागचा ट्रकवाला म्हणाला. "आज अर्धा पाय."

"अर्धा कशाला, नुसता अंगठा," दुसरा म्हणाला. रांग हसली.

बाईचं डोकं सणकलं.

"बेल्ट बदललास?"

"हो गं ताई."

दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून उभी राहिली असती, तर बहीणभावाचं काहीतरी शिजतंय असं रांगेला वाटलं असतं. एवढ्यासाठी तिने बॉनेटला हात लावला नाही.

"उतर खाली."

तिने पाय दाबला. आकडा छान आला. दुसऱ्यांदाही छान. तिसऱ्यांदा आतून टक्क झालं, पाठोपाठ खडखड, आणि इंजिन मुकं झालं.

भावाने बॉनेट उघडलं, आत बघितलं, तसाच उभा राहिला.

"बदललास म्हणालास ना?"

"बदलणारच होतो." तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "लहानपणापासून माझ्या एका शब्दावर तुझा विश्वास नाही. आजच बरा बसला."

मघाचा ट्रकवाला गुपचूप खाली उतरून व्हॅन ढकलायला लागला. बाईनेही मागून हात लावला.

"तू राहू दे," भाऊ म्हणाला.

व्हॅन फाटकाबाहेर जाते न जाते तोच भावजयीचा फोन आला.

"वन्सं, ह्यांचा फोन लागत नाही. गाडी पास झाली ना? उद्याचा माल घेतलाय ह्यांनी."

"नाही झाली."

"धूर होता?"

"नाही गं. धुरात पास होती."

"मग?"

"इंजिन गेलं. माझ्या पायाखाली गेलं."

भावजयीने फोन ठेवला नाही. बाईनेही नाही.