झाकणासकट

खरं सांगायचं तर अंबाबाईच्या देवळात मी जायचो ते नकला गोळा करायला. आरतीत सगळ्यांच्या पुढं कोण पळतंय, ओटी भरताना सासू सुनेला हळूच काय बोलती, सगळं घरी येऊन करून दाखवायचो. आई हसायची आणि मग स्वतःच्याच गालावर मारून घ्यायची. "देवीच्या दारात जाऊन हेच शिकलास व्हय रं?" देवी ऐकती का न्हाय, यावरच माझा भरवसा नव्हता.

माझी सगळ्यात झकास नक्कल आमच्या आण्णांची, म्हणजे वडलांची. मंगळवार पेठेत आमचं भांड्यांचं दुकान, आज्जानं काढलेलं. आज्जानंच रीत घालून दिलती, पेठेत कुणाचं लगीन असू दे न्हायतर मयताचं जेवाण, मोठी पातेली फुकट न्यायची. आण्णांनी ती तशीच चालवली. कुणी विचारायला आलं की गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणायचं, "न्या की पावणं. आधी कार्य उरका, पातेलं काय पळून जातंय व्हय?" मी आतनं तसंच्या तसं बोललो की माणूस दोन्हीकडं बघत ऱ्हायचा. मग आण्णा माळ्यावरनं झाकण स्वतः काढून द्यायचं, कुणाचं अन्न उघडं ऱ्हाऊ नये म्हणून. ते मी नकलेत कधी घेतलं न्हाय. त्यात हसण्यासारखं काय नव्हतं.

माझी बारावी झाली आणि आण्णांना अर्धांगाचा झटका आला. हात हळूहळू हलाय लागला, पण वाचा गेली. दुकानामागच्या खोलीत त्यांची खाट टाकली, मधी नुसता पडदा. गल्ल्यावर मी बसलो. काका म्हणालं, "आता गावात केटरर आलेत. फुकटची पातेली बंद कर, तुझ्यानं निभायचं न्हाय." मलाबी बरंच वाटलं. चार महिनं आण्णा एक शब्द बोललं न्हाईत. त्यांचा आवाज काढणारा घरात मी एकटाच उरलतो, आणि तो काढायची लाज वाटायची.

एका मंगळवारी आईनं ओटी देऊन मला देवळात पाठवलं. रांगेत पहिल्यांदाच मी कुणाकडं बघितलं न्हाय. पुढं गेल्यावर देवीला म्हणालो, "आई, त्यांचा आवाज माझ्या गळ्यात हाय. माझा काढून घे, पण त्यांचा त्यांना दे."

परत आलो तर दुकानाच्या पायरीवर हातकणंगल्याचं एक चाचा बसलेलं, कधी न बघितलेलं. पेठेत लेकीच्या घरी नातीचं लगीन, आणि केटररनं आयत्या वेळी हात वर केलेलं. "बेटा, कुणीतरी म्हणालं, भांड्यांच्या दुकानात जा, न्हाय म्हणत न्हाईत."

न्हाय म्हणायलाच मी तोंड उघडलं. चाचांनी नुसती टोपी नीट केली. आणि माझ्या तोंडातनं आण्णांचा आवाज आला. मी काढला न्हाय, आला. "न्या की पावणं. आधी कार्य उरका, पातेलं काय पळून जातंय व्हय?"

चाचा दचकलं. मी पातेलं ओढत पायरीपाशी आणलं, तेवढ्यात पडद्याआडनं काहीतरी घरघरलं. "झा... झाक..." पातेलं माझ्या हातातनं सुटलं. आत आण्णा कोपरावर उठाय बघत होतं, तोंड रागानं लालबुंद. "झाकण दे."

मी झाकण काढून आणलं, पण डोळ्यापुढं सगळं धुरकट झालतं. चाचा म्हणालं, "आत कोण बोललं?"

"दुकानाचं मालक."

"मग मघाशी कोण बोललं?"

मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि एक कडी त्यांच्या हातात दिली.

डॉक्टर म्हणालं, असं होतं कधीकधी. होत असंल. तिसऱ्या दिवशी पातेलं घासूनपुसून परत आलं, झाकणाखाली लग्नातला जर्दा, केशरी गोड भात, अजून कोमट. आण्णांनी चार घास खाल्लं. त्यांना आजबी धा-बारा शब्दच येत्यात, मी तेवढ्यावरच देवीला हात जोडतो. दुकान मी चालवणार, रीत मी मोडणार, असं समजून बसलतो. खरं तर माझ्याकडं काम होतं ते पातेलं उचलून द्यायचं, तेवढंच.

अजून कुणी पातेलं न्यायला आलं की मी झाकण मुद्दाम विसरतो, आणि पडद्याकडं कान देऊन उभा ऱ्हातो.