परत पाठवलेला जिताडा

आमचे हे निवृत्त झाले तेव्हा मी बावन्न वर्षांची कोवळी पोर होते. अक्कल यायला अजून बराच अवकाश होता. मोहन्याच्या एका कारखान्यात यांनी फिटर म्हणून उभी हयात काढली. मग तिथली खोली सोडून आम्ही बाळकुमला, खाडीजवळच्या नव्याकोऱ्या इमारतीत राहायला आलो. पहिल्याच हळदीकुंकवाला मी शेजारणींना सांगून टाकलं, "हे इंजिनियरिंगमध्ये होते." खोटं काय होतं त्यात?

तीन महिने हे घरी बसले. तेवढ्यात माझा मिक्सर दोनदा खोलला आणि शिवणाचं मशीन एकदा. चौथ्या महिन्यात खाडीवर फिरायला म्हणून गेले, ते एका होडीचं बंद पडलेलं इंजिन चालू करूनच परतले. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, हँडल मारून सुरू करायचं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून हे ऐकत बसायचे. इतक्या तन्मयतेनं माझं बोलणं एकदा जरी ऐकलं असतं, तर संसाराचं सोनं झालं असतं.

बघता बघता बंदरावरची निम्मी इंजिनं यांच्या हाताखाली आली. शिट्टी वाजवत घरी यायला लागले. मी इमारतीत सांगायची, "सल्ला द्यायला जातात हो." सल्ला देऊन आलेल्या माणसाचा बनियन तीन पाण्यांतून काढावा लागतो, हे शेजारणींना माझ्या दोरीवर रोज दिसत होतंच. पण मी आपली ताठ.

एक दिवस हे पिस्टनच्या रिंगा आणायला कल्याणला गेलेले. जिन्यातून हाक आली, "मिस्तरीण! ए मिस्तरीण!" तिन्ही मजल्यांची दारं उघडली. दारात एक कोळीण. टोपलीत केळीच्या पानावर हातभर लांब जिताडा मासा, माझ्याकडे टक लावून बघणारा.

"तुझ्या घोवानं आमचं इंजिन नवं केलं गो बाय. पयला म्हावरा मिस्तरीच्या घरचा." टोपली उंबऱ्याबाहेर टेकवून ती गेलीसुद्धा.

माझ्या माहेरी अंड्याला 'ते' म्हणत. मी वॉचमनला बोलावलं आणि टोपली होती तशी बंदरावर परत पाठवली. होती तशी म्हणजे, कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये हे आईचं वळण. मासा आत होताच, तरी शेजारी साखरेची पुडी ठेवली. स्वतःच्या सुसंस्कृतपणावर मी दुपारभर खूश होते.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे मोजा काढता काढता थांबले.

"माशाबरोबर साखर दिलीस?"

"मग काय मीठ द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी हे बंदरावर गेले आणि तासाभरात परत आले. मिस्तरीच्या घरानं होडीची पहिली मासळी नाकारली. म्हणजे त्याचाच आपल्या कामावर भरवसा नाही, असा अर्थ निघाला होता. आता यांच्या हातात कोणी इंजिन देईना.

मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. आता हे स्वच्छ राहतील. राहिले. आठ दिवस स्वच्छ, इस्त्रीच्या शर्टात. दुपारी झोपायला लागले. ताटातलं अर्धं तसंच टाकायचे. नवव्या दिवशी मी भाजी चिरत होते, तर हे फ्रीजला स्क्रू ड्रायव्हर लावून कान देत बसलेले.

"बिघडलाय का?"

"नाही गं. ठणठणीत आहे," हे म्हणाले. आवाजात अशी निराशा, जणू फ्रीजनं विश्वासघात केला.

मी विळी आडवी केली, चपला घातल्या आणि बंदर गाठलं. ती कोळीण जाळं विणत होती. मी सरळ म्हटलं, "बाई, चूक माझी. मिस्तरींचा काही दोष नाही. ते घरातच नव्हते."

तिनं मान वर केली नाही. "आमचा म्हावरा तुला विटाळ लावतो नाय?"

"आम्ही खात नाही हो."

"खा कोन बोलला? घरात घ्यायचा, दिव्यासमोर ठेवायचा, मग दे ना कोनाला पन. येवढी शिकलेली तू, इचारलास का?"

नव्हतं विचारलं. इतकी वर्षं मी फक्त सांगतच आले होते.

"आता काय करू?"

"आजची होडी लागलीय. ने."

तिनं नवा जिताडा माझ्या दोन्ही हातांवर आडवा ठेवला. पिशवी दिली नाही, मुद्दामच. भर दुपारी तो घेऊन मी गेटमधून आत आले. सेक्रेटरीची बायको गॅलरीत केस वाळवत होती.

"अगंबाई, हे काय?"

"मासा," मी म्हटलं. "आमच्या मिस्तरींचा मान."

दिव्यासमोर ठेवला. देवांनी काही डोळे मिटले नाहीत. मग तळमजल्यावरच्या मालवणी कुटुंबाला देऊन टाकला.

चार वाजता खाली हातगाडी थांबली. तिच्यावर गंजलेलं इंजिन. हे चहाचा कप अर्धा टाकून, इस्त्रीच्या शर्टातच जिना उतरले.

"अहो, शर्ट!" मी ओरडले.

ऐकू आलं असेल, पण कान इंजिनाला लागले होते.