खुंटीवाले नाना

उत्तरेची खिडकी मी दक्षिणेला काढली. शेतांच्या मधोमध छोटंसं लाकडी चित्रदालन, दिव्यांशिवाय, नुसत्या दिवसाच्या उजेडावर चालणारं. त्यात आर्किटेक्ट म्हणून मला उत्तर कुठली, एवढी एकच गोष्ट कळायला हवी होती.

आम्ही किल्ल्याखालच्या लष्कर वस्तीतली माणसं. लहानपणापासून गच्चीतून किल्ला दिसतो तो उत्तरेला. आमच्या ड्रॉइंगच्या बाईंनी निवृत्तीनंतर जमीन घेतली ती मात्र किल्ल्याच्या पलीकडे, मुरैन्याच्या बाजूला. तिथूनही मला किल्ला दिसला. म्हटलं, ही उत्तर. आणि त्या अंगाला भिंतभर काच दिली.

सुतारकाम नाना मिस्त्रींकडे. शिंदे की छावनी मोहल्ल्यातले. खिळ्याशी त्यांचं जुनं वैर. सांधे सगळे लाकडी खुंट्यांचे. "खिळा ठोकला की चूक पक्की होते, भैयासाहेब," असं ते म्हणायचे. कुणाची चूक, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुसरी खोड अशी, की सांगाडा उभा राहिला की ते चित्राच्या जागी आपला पांढरा पंचा टांगत आणि समोर स्टुलावर दिवसभर बसत. "मिस्त्री काम सोडून पंचा बघतात," अशी चहाडी मी बाईंकडे केलीसुद्धा.

त्याच दुपारी नानांनी आम्हा दोघांना बोलावलं. पंच्यावर लख्ख ऊन पडलं होतं.

"बाई, चित्रं पाण्याच्या रंगाची ना?"

"सगळीच."

"मग दो गर्मी में रंग उडून कोरा कागद. लोक येऊन काय बघतील, भैयासाहेबांची काच?"

बाईंची चाळीस वर्षांची चित्रं होती ती. त्या पंच्याकडे बघत राहिल्या. मी किल्ल्याकडे बोट करून "पण उत्तर तर..." म्हणालो आणि बोट तिथंच राहिलं. किल्ल्याच्या पलीकडे आलं की किल्ला दक्षिणेला जातो.

नानांनी मोगरी उचलली आणि एकेक खुंटी ठोकून बाहेर काढायला लागले. पाच दिवसांत काचेची भिंत उत्तरेला गेली, कोरी दक्षिणेला आली. फळी एकही वाया गेली नाही.

आता तिथे दिवसभर एकसारखा, मऊ उजेड असतो. शेतावरून परतणाऱ्या बाया आत डोकावतात. परवा एकीनं चित्रातली विहीर ओळखली, "ये तो हमारा कुआँ है," म्हणाली, आणि बाई दिवसभर खुशीत होत्या.

कामाला हात चालेनासे झाल्यावर नाना मुलीकडे देवासला गेले. जाताना आपली लाकूड कोरायची पटाशी मला देऊन गेले. कागद दाबायला तरी होईल म्हणाले. मागच्या आठवड्यात त्यांना फोन करून विचारलं. शिवपुरीकडे नवं काम आलंय, लाकडाचंच, खुंट्यांचंच, घेऊ का?

"किल्ला दिसतो का तिथून?"

"नाही, नाना."

"मग घ्या."